विहीणबाई स्पेनहून येताहेत – 'आवडतं' आणि 'नाही आवडत' एवढं तरी शिकवा

अंगणातली_तुळस
नमस्कार मंडळी. मी इंदूरची, राजेंद्रनगरात राहते. लेक व्हॅलेन्सियाला असते, तिथल्याच मुलाशी लग्न ठरलंय. डिसेंबरात मुलाची आई आठ दिवस आमच्याकडे मुक्कामाला आहे. त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच येतं, म्हणजे थँक्यूपर्यंत. लेक म्हणते, मी आहे ना मध्ये बोलायला. पण ही माहेरी आली की नऊच्या आत उठत नाही, आणि आमच्याकडे पोहे साडेसातला होतात. मधल्या दीड तासाचं काय?

मला फार नकोय. हे आवडतं का, ते आवडत नाही का, मला अमुक आवडतं, आमच्या ह्यांना तमुक आवडत नाही, बस. पंधरा दिवस फोनवरच्या एका ॲपवर शिकतेय. ते सगळं इंग्रजीतून सांगतं. 'आय लाइक' म्हणजे 'मे गुस्ता', असं दिलंय. आदल्या धड्यात 'यो' म्हणजे 'मी' शिकवलं होतं, म्हणून मी 'यो मे गुस्ता' लिहिलं, तर लाल फुली. 'यो गुस्ता' लिहिलं, तरी लाल. मग एका वाक्यात 'मे गुस्ता' बरोबर आणि लगेच पुढच्यात 'मे गुस्तान' हवं! हा न कुठून आला? आवडून घेणारी तर मी एकटीच आहे.

व्याकरणाची नावं नकोत. शाळा सुटून चाळीस वर्षं झाली.

जिरावन
काकू, मीपण इंदूरचाच. रात्रपाळीत मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांचे फोन घेतो, त्यावर जेवढं शिकलो तेवढं सांगतो.

'मे' म्हणजे 'मी' नाही. ऐकायला सारखं वाटतं म्हणून सगळे तिथेच आपटतात. 'मे' म्हणजे 'मला'. इंग्रजी बंद करा आणि सरळ मराठीत वाचा.
मे गुस्ता एल काफे – मला कॉफी आवडते.
मे गुस्तान लास जलेबीस – मला जिलब्या आवडतात.
आता सांगा, 'आवडते'चं 'आवडतात' तुम्ही कुणासाठी करता? स्वतःसाठी की जिलब्यांसाठी?

अंगणातली_तुळस
अगं बाई! जिलब्यांसाठी!
पंधरा दिवस तो न मी स्वतःत शोधत होते.

एन्ये
जिरावन यांनी माझा पहिला तास घेऊन टाकला. मी बडोद्याला स्पॅनिश शिकवते. वर्गात मराठी, गुजराती, हिंदी घरातली मुलं असतात, आणि शिकवायचं मात्र इंग्रजी पुस्तकातून. त्या पुस्तकांत 'गुस्तार' या क्रियापदाला दोन-दोन पानं खर्च केलेली असतात: 'हे उलटं क्रियापद आहे, इथे वस्तू कर्ता होते, घाबरू नका.' इंग्रज माणसाला ते खरंच उलटं वाटतं, कारण त्याच्याकडे 'मी आवडतो कॉफी' अशीच रचना आहे. आपण मात्र जन्मापासून 'मला आवडतं' म्हणतोय. आपल्याला सुलटं असलेलं आधी इंग्रजीत नेऊन उलटं करायचं आणि मग स्पॅनिशसाठी पुन्हा सुलटं करायचं, हा उद्योग मी बंद केला.

तुळसताई, एवढंच पाठ करा: मे – मला, ते – तुला, ले – त्याला किंवा तिला, आणि समोरच्या एकट्या माणसाला आदराने 'तुम्हाला' म्हणायचं तरी ले, नोस – आम्हाला किंवा आपल्याला, लेस – त्यांना. स्पेनमध्ये चार मित्रांना मिळून 'तुम्हाला' म्हणायला 'ओस' आहे. लॅटिन अमेरिकेत तो वापरत नाहीत, तिथे 'लेस'वरच भागतं.

आणि स्पॅनिश इथे मराठीपेक्षा सोपी आहे. आपल्याला चहा आवडतो, कॉफी आवडते, दूध आवडतं. तिथे तिन्हीला 'गुस्ता'. एक असेल तर गुस्ता, अनेक असतील तर गुस्तान, क्रियापदात लिंगाची भानगडच नाही. मराठी शिकणाऱ्या स्पॅनिश माणसाची मला जास्त दया येते.

अंगणातली_तुळस
मग 'मला गायला आवडतं' कसं म्हणायचं? त्यांना गाण्याची हौस आहे असं लेक सांगत होती.

एन्ये
मे गुस्ता कान्तार. त्यांना विचारायचं तर, ले गुस्ता कान्तार? गायला आणि नाचायला दोन्ही आवडत असलं तरी एकवचनच: मे गुस्ता कान्तार ई बाइलार. पुस्तकात हा वेगळा नियम म्हणून चौकटीत छापतात. आपणही 'मला गायला आणि नाचायला आवडतं' असंच म्हणतो, 'आवडतात' म्हणत नाही. नियम आधीच तोंडात आहे.

मुठेकाठचा
इंदूरकरांचं स्पॅनिश नंतर पाहू. आधी मराठीचं सांगा. 'पोहे' अनेकवचनी आहेत हे तरी तिकडे मान्य आहे का? मागे आलो होतो तेव्हा मराठी आडनावाच्या माणसांना 'पोहा खाऊन राहिलो' म्हणताना या कानांनी ऐकलंय.

जिरावन
भिया, आले का तुम्ही. पुण्याच्या पोह्यात जिरावन (आमचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) नसतं, वरून शेव नसते, बाजूला जलेबी नसते, मग मोजायला काय उरतं, पोहेच. बाहेर ठेल्यावर पोहा, घरी आईसमोर पोहे. आमचं दोन्ही चालतं.

अंगणातली_तुळस
अहो पण हा प्रश्न खरा आहे! मी पहिल्याच सकाळी तेच विचारणार. गुस्ता की गुस्तान?

एन्ये
नाव त्यांच्या भाषेत नाहीच, तेव्हा तुम्ही कसं मोजता त्यावर. स्पॅनिशमध्ये तांदूळ आणि भात एकवचनी, एल आर्रोस. (स्पेनच्या बहुतेक भागात तो शेवटचा स दात-जीभ लावून, थ कडे झुकतो.) मसूर मात्र अनेकवचनी, लास लेन्तेखास. पोहे शेवटी तांदळाचेच, म्हणून मी 'एल पोहा' म्हणेन: ले गुस्ता एल पोहा? सोबत जिलब्या आल्या की मिळून अनेकवचन: ले गुस्तान एल पोहा ई लास जलेबीस?

पुण्याला हरकत असेल तर 'लोस पोहास' म्हणा. फक्त मग गुस्तान.

मुठेकाठचा
हरकत आहे. लोस पोहास.

एन्ये
हे 'एल', 'लोस', 'लास' विसरू नका. मराठीत नसल्यामुळे आपली माणसं पहिल्यांदा हेच गाळतात. 'मे गुस्ता ते' असं कुणी म्हणत नाही, 'मे गुस्ता एल ते' म्हणतात, म्हणजे मला चहा आवडतो. चहाला 'ते' म्हणतात आणि 'तुला'लाही 'ते'. त्यामुळे 'तुला चहा आवडतो का' हे 'ते गुस्ता एल ते?' होतं. वर्गात यावर दरवेळी हशा पिकतो.

अंगणातली_तुळस
आज ह्यांच्यावर सराव केला. चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, ते गुस्ता एल ते? म्हणाले, "ते कुठलं ते?" मी म्हटलं, हे ते.

पळसफूल
लेकाबरोबर मीही शिकतेय, म्हणून एक विचारते. 'आईला चहा आवडतो' याचं मी 'आ मी मामा गुस्ता एल ते' केलं, तर चूक निघाली. 'ला'साठी 'आ' लावला, क्रियापद बरोबर, 'एल'ही आहे. मग चुकलं काय?

एन्ये
उत्तम चूक आहे. इंग्रजीतून शिकणारे ही कमी करतात, ती मराठी-हिंदीवाल्यांची. आपण 'आईला' म्हटलं की काम झालं. स्पॅनिश माणूस 'आईला' म्हणून परत 'तिला' म्हणतो: आ मी मामा ले गुस्ता एल ते. तो 'ले' गाळता येत नाही. उलट 'आ मी मामा' गाळलं तरी चालतं, कुणाबद्दल बोलताय ते समोरच्याला माहीत असेल तर.

तुळसताई, तुमच्या ह्यांचं वाक्य: आ मी मारीदो नो ले गुस्ता एल पिकान्ते, माझ्या नवऱ्याला तिखट आवडत नाही. नकाराचा 'नो' कुठे बसलाय पाहा, 'ले'च्या आधी. आपण 'आवडत नाही' असं शेवटी म्हणतो, म्हणून जीभ 'गुस्ता नो' म्हणायला धावते. धावू देऊ नका.

आणि या वाक्यातला 'मी' म्हणजे 'माझा'. मराठी मी म्हणजे यो, स्पॅनिश मी म्हणजे माझा, मे म्हणजे मला. एकदा वहीत लिहून ठेवा.

निवृत्त_मास्तर
ग्वाल्हेरहून लिहितो. आयुष्यभर संस्कृत शिकवलं. स्पॅनिशचं एक अक्षर येत नाही, पण धागा वाचून राहवेना.

तुम्ही ज्याला उलटं क्रियापद म्हणता ते पाणिनीने सूत्रात बांधून ठेवलंय: रुच्यर्थानां प्रीयमाणः. 'रुच्' म्हणजे आवडणे, त्या अर्थाचे धातू असले की ज्याला आवडतं तो संप्रदान, त्याला चतुर्थी. आवडणारी वस्तू प्रथमेत, क्रियापद तिच्यामागे. उदाहरण परंपरेने चालत आलेलं आहे, देवदत्ताय रोचते मोदकः. देवदत्ताला मोदक आवडतो. मोदक अनेक झाले की रोचन्ते. तुमचं गुस्ता-गुस्तान हेच ना?

व्याकरणाची नावं नकोत असं ताईंनी आधीच बजावलंय, त्याबद्दल क्षमस्व. चतुर्थी राहवली नाही.

एन्ये
मास्तर, नमस्कार. पुढच्या तासाला देवदत्तच सांगणार: आ देवदत्ता ले गुस्ता एल मोदक. गुस्तारचं मूळ लॅटिनमध्ये आहे, तिथे त्याचा अर्थ चाखणे. ओळख झाली की म्हणतात त्या 'मूचो गुस्तो'मधला गुस्तोही त्याच घरातला.

जिरावन
आता माझी फजिती ऐका, म्हणजे काकूंची होणार नाही. तिकडच्या एका बाई सुपरवायझर आहेत, फार समजूतदार. महिन्याच्या शेवटी म्हटलं, यांच्याशी काम करायला बरं वाटतं हे सांगावं. 'मला तुम्ही आवडता' जुळवलं आणि ठोकून दिलं: मे गुस्तास. फोनवर चार सेकंद शांतता. मग बाई इतक्या हसल्या की मागचे दोघं-तिघंही हसायला लागले. हेडफोनमध्ये माझे कान गरम.

एन्ये
मुलीसमोर उभं राहून 'तू मला आवडतेस' म्हटलं तर मराठीत काय अर्थ होतो? तोच. मनात मराठीत म्हणून पाहिलं असतं तर वाचला असता. माणूस म्हणून कुणी चांगलं वाटतं हे सांगायचं तर वेगळं क्रियापद आहे: मे काएस बिएन. आदराने म्हणायचं तर मे काए बिएन. शब्दशः पाहिलं तर 'तू मला चांगला पडतोस' असं विचित्र होतं, पण रचना परत 'मला'चीच. उलट अर्थाला बिएनऐवजी माल.

तुळसताई, विहीणबाईंना 'मे गुस्ता' म्हणायचं नाही. पोह्यांना म्हणा.

भूमध्य_किनारा
बरीच वर्षं स्पेनमध्ये आहे, माहेर इंदूरचं, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे, 'विहीणबाई'साठी तिकडे शब्द आहे! कोन्सुएग्रा. इंग्रजीत या नात्याला नीट नावच नाही, स्पॅनिशमध्ये आहे. व्याही कोन्सुएग्रो. त्याच नावाचं गावही आहे तोलेदोकडे, पवनचक्क्यांचं. पहिल्या भेटीत 'कोन्सुएग्रा' म्हणून हाक मारा, त्या खूश होतील.

दुसरं, अहो-जाहोचं. वर सगळे 'ले गुस्ता' म्हणजे 'आपल्याला आवडतं का' सांगताहेत. व्याकरणाने बरोबरच आहे. पण आजच्या स्पेनमध्ये विहिणी एकमेकींना सर्रास अगं-तुगं करतात, आणि सारखं 'ले' 'ले' केलं तर त्यांना वाटेल की तुम्ही चार हात लांब उभ्या आहात. पहिल्या दिवशी 'ले' म्हणा, त्या स्वतः 'ते' म्हणतील, मग तुम्हीही 'ते'वर या. आपल्याकडे विहिणीला अगं म्हणायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे.

तिसरं, तिखट. स्पेनचं जेवण तिखट नसतं. त्या 'पीका?' असं विचारतील, म्हणजे 'तिखट आहे का?' खरं सांगा. इंदूरच्या शेवेला तुम्ही 'नाही' म्हणाल, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईल.

साडेसातला पोह्यांची पूर्ण बशी समोर आली तर त्या गोंधळतील. तिकडे सकाळी दूध घातलेली कॉफी आणि टोस्ट किंवा काहीतरी गोड, एवढंच. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊ-दहाला. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याची लागतात ती वेळ त्यांच्या पोटाला अचूक जमेल. आपण इंदूरची माणसं सराफ्यात जेवणानंतर 'थोडं काहीतरी' म्हणून जातो, त्यांना ते जेवणच वाटेल.

अंगणातली_तुळस
कोन्सुएग्रा! लिहून घेतलं.
आग्रह कसा करायचा ते कुणी सांगितलंच नाही. आणि त्या नको म्हणाल्या तर ओळखायचं कसं?

भूमध्य_किनारा
'अजून थोडं?' म्हणजे ऊन पोकीतो मास? पोट भरलं असेल तर त्या म्हणतील, एस्तोय येना. ते ऐकलं की डाव खाली ठेवायचा. फारसं आवडलं नसेल तर 'नो मे गुस्ता मूचो'. अजिबातच नाही तर 'नो मे गुस्ता नादा', पण पाहुण्याच्या तोंडून हे येणार नाही. फार आवडलं तर 'मे एन्कान्ता', आणि त्याला 'मूचो' जोडायचं नाही. एन्कान्तामध्ये 'फार' आधीच भरलेलं आहे.

अंगणातली_तुळस
'मास'वरून घरात गोंधळ झाला. मी स्वयंपाकघरात 'मास, मास' पाठ करत होते. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "काय गं, त्यांच्यासाठी आता तेही शिजवणार का?" आमचं घर शाकाहारी. समजावलं की 'मास' म्हणजे 'आणखी'. पटलं असं दिसलं नाही.

पळसफूल
एखाद्याने 'मे गुस्ता एल काफे' म्हटलं आणि आपल्यालाही आवडत असेल, तर 'यो तांबिएन' ना? तांबिएन म्हणजे पण, हे मला माहीत आहे.

एन्ये
नाही. जिरावन यांचं या धाग्यातलं पहिलं वाक्य पाहा, 'मीपण इंदूरचाच'. तिथे 'मीपण' बरोबर, तो यो तांबिएन. पण कुणी 'मला कॉफी आवडते' म्हटल्यावर तुम्ही 'मीपण' म्हणाल का? 'मलापण' म्हणाल. म्हणून आ मी तांबिएन. (हा 'मी' माझा नव्हे, 'आ मी' मिळून 'मला'.) 'मला नाही आवडत' वर 'मलाही नाही' म्हणजे आ मी ताम्पोको. त्याला आवडतं आणि तुम्हाला नाही, तर आ मी नो. त्याला नाही आणि तुम्हाला आवडतं, तर आ मी सी. यो की आ मी असा प्रश्न पडला की मराठीत मी की मला ते बघा.

पण एक सावधगिरी. हा मंत्र सगळीकडे चालत नाही. 'मला भूक लागली' याला स्पॅनिशमध्ये 'मे' नाही. तिथे 'माझ्याकडे भूक आहे' म्हणतात, तेंगो आम्ब्रे. थंडीही तशीच, तेंगो फ्रीओ. भीती, लाज, किळस यांना मात्र परत 'मे' चालतो: मे दा मिएदो, मे दा वेर्ग्वेन्सा, मे दा आस्को. असं का, ते मुलं विचारतात आणि मी विषय बदलते.

जिरावन
आणि दुपारी कुठलंही चालेल म्हणायचं असेल तर मे दा इग्वाल. मेक्सिकोवाले दिवसातून दहा वेळा म्हणतात.

अंगणातली_तुळस
काल रात्री लेकीने व्हिडिओ कॉल लावून दिला. तयारी झाली होती. 'ओला, कोन्सुएग्रा' म्हटलं. त्यांनी टाळीच वाजवली. मग पोहे, चहा, गाणं, सगळे प्रश्न ओळीने विचारले. तिखट विचारलं तर दोन्ही हात हलवून 'ऊन पोकीतो' म्हणाल्या. ह्यांना काय आवडत नाही ते सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं. आ मी सुएग्रा नो ले गुस्ता, आणि पुढे कांदा-लसूण बोटांनी दाखवला.

मग त्यांनी हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं: ई आ ती, के ते गुस्ता?

समजलं. आणि तुला, काय आवडतं. उत्तर मात्र तयार नव्हतं. पंधरा दिवसांत मी सगळ्या घराचं पाठ केलं होतं, माझं एकही वाक्य नव्हतं. लेकही बघत राहिली. शेवटी थंडीचे दिवस डोळ्यांसमोर आले, तेच तोंडातून गेलं: मे गुस्ता एल गराडू. एल नीट लावला.

त्या म्हणाल्या, के एस गराडू? आता गराडू म्हणजे काय हे कसं सांगू? कंद आहे, जमिनीतला, तुकडे करून दोनदा तळायचा, वर जिरावन, लिंबू. लेक म्हणते बटाटा सांग. बटाटा कसा सांगेन?

एन्ये
न्यामे म्हणा. गराडू ज्या कुळातला कंद आहे त्याचं ते नाव, कॅरिबियनकडे घरोघरी शिजतो. लिहायला सुरुवात एन्येने होते, डोक्यावर लाटेसारखी रेघ असलेला न. माझं इथलं नाव त्याच अक्षरावरून आहे. व्हॅलेन्सियात मात्र तो रोजच्या पानात नसतो, तेव्हा नाव सांगून भागेलच असं नाही. थेट तळून पुढे ठेवा.

भूमध्य_किनारा
व्हॅलेन्सियाची त्यांची स्वतःची भाषाही आहे, तिच्यात 'मला आवडतं' म्हणजे माग्रादा. गराडू खाऊन त्या नकळत 'माग्रादा' म्हणाल्या तर घाबरू नका, चांगलंच बोलताहेत.

जिरावन
काकू, डिसेंबरात गराडू तळाल तेव्हा आम्हालापण हाक मारा. आ नोसोत्रोस तांबिएन.

मुठेकाठचा
गराडू? दोनदा तळलेला? आ मी नो.

अंगणातली_तुळस
तुमच्यासाठी पोहे ठेवीन. लोस पोहास. मोजून.